रियाजाला खोली हवी

विद्यापीठाच्या संगीत विभागासाठी काही करायचं ठरलं, की बोलणी हमखास सभागृहाकडे वळतात. किती आसनांचं, वातानुकूलित की नाही, नाव कुणाचं द्यायचं, उद्घाटनाला कोण येणार. सभागृह नको असं मी म्हणत नाही. पण गाणं सभागृहात तयार होत नाही. ते रोजच्या तीन-चार तासांच्या रियाजात तयार होतं आणि त्या रियाजासाठी आपल्या बहुतेक विद्यापीठांत हक्काची जागा नाही. वर्गखोल्या आहेत, विभागप्रमुखांचं दालन आहे, परीक्षेच्या वेळी मांडायला जाजम आणि गाद्या आहेत. तासिका संपली की शिपाई कुलूप लावतो आणि विद्यार्थी बाहेर पडतो. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांनी संगीतासाठी यापुढे एक रुपया जरी काढला, तरी तो आधी रियाजाच्या खोल्यांवर खर्च व्हावा, एवढंच मला या लेखात पटवून द्यायचं आहे.

संगीताच्या अभ्यासक्रमात शिक्षकासमोर बसण्याचे तास थोडे असतात. गुरू एक पलटा (स्वरांची ठरावीक क्रमातली आवर्तनं) देतात, बंदिशीचा मुखडा सांगतात, एखादी तान दाखवतात. पुढे तो पलटा शे-दोनशे वेळा घोटायचा, मुखडा समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, नेमका येईपर्यंत घासायचा, पहाटे खर्ज, म्हणजे खालच्या सप्तकातला सूर, लावायचा, हे काम विद्यार्थ्याचं एकट्याचं असतं. श्रेयांकांच्या तक्त्यात या तासांना फारशी जागा नाही, पण पदवीची किंमत त्यांच्यावरच ठरते. प्रयोगशाळा नसेल तर रसायनशास्त्राचा विभाग मंजूर होत नाही. जागा नाही म्हणून तुम्ही घरी प्रयोग करून या, असं कुणी विद्यार्थ्याला सांगत नाही. संगीताच्या विद्यार्थ्याला मात्र आपण रोज हेच सांगतो आणि त्यात काही चुकतंय असं कुणाला वाटत नाही.

घरी म्हणजे कुठे? पुण्या-मुंबईत संगीत शिकायला येणारी मुलं परभणीहून, गडहिंग्लजहून, कुडाळहून येतात. ती कॉट बेसिसवर राहतात, एका खोलीत तिघं-चौघं. एकाची रात्रपाळी असते, दुसरा स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करत असतो. तिथे पहाटे पाचला खर्ज लावायचा कसा? वसतिगृहातल्या मुलींची अडचण याहून मोठी आहे, कारण त्यांना ठरलेल्या वेळी आत यावंच लागतं आणि आत आल्यावर आवाज करायचा नसतो. तबल्याच्या विद्यार्थ्याला घरमालक पहिल्याच महिन्यात बजावतो. मग तो तबल्यावर टॉवेल टाकून वाजवतो. टॉवेलखाली बोटं चालतात, वेग वाढतो, पण चाट (पुडीची कड) आणि लव (तिच्या आतला भाग) यांवरच्या बोलांतला फरक कानावर पडत नाही. डग्ग्यावर तळहात घासून काढायची घीस तर मुळीच कळत नाही. हात तयार होतो, नाद तयार होत नाही.

गाणाऱ्याचं नुकसान याहून खोल असतं. शेजारचे काय म्हणतील या धास्तीनं गाणारा दबक्या आवाजात गातो. वर्ष-दोन वर्षं असं गायल्यावर दबून गाणं ही गळ्याची सवय होते. आकार मोकळा लागत नाही, तार षड्जाकडे, म्हणजे वरच्या ‘सा’कडे, जाताना गळा आवळतो, खर्जात श्वास सुटतो. परीक्षक गुणपत्रिकेवर ‘आवाज खुला नाही’ असा शेरा मारतात. तो आवाज खुला करायला त्या मुलाला जागा कुठे होती, हे कोणी विचारत नाही. ज्याच्या घरी स्वतंत्र खोली आहे, आई-वडील गाण्यातले आहेत, तो पुढे जातो. बाकीचे दुसऱ्या वर्षापर्यंत मागे पडतात आणि आपण त्याला प्रतिभेतला फरक म्हणतो. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या विद्यापीठाचं पहिलं काम हा फरक कमी करणं आहे.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की मोठमोठे गवई कुठल्या सोयींमध्ये शिकले? भीमसेन जोशी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पडेल ते काम करून शिकले, त्यांना कुणी ध्वनिरोधक खोली दिली होती? हा युक्तिवाद मी आदरानं ऐकतो, पण त्यातला इतिहास अर्धाच आहे. गुरूच्या घरी कष्ट होते, हे खरं. पण त्याच घरात चोवीस तास गाण्याला मोकळीक होती. पहाटे चारला खर्ज लावला तर कुणी दार ठोठावत नव्हतं. तानपुरा कोपऱ्यात लावलेला असे, कान सतत गाण्यात असत. त्या काळातली सर्वांत मोठी सोय हीच होती. तिच्यासाठी कुणीतरी पैसे मोजत असे. कोल्हापुरात शाहू महाराजांनी अल्लादियाखाँसाहेबांना आश्रय दिला. अब्दुल करीमखाँसाहेबांनी १९१३ साली पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं, तेव्हा शिष्यांना राहायला-जेवायला घालून शिकवण्याचा भार स्वतःवर घेतला. भास्करबुवा बखल्यांनी १९११ साली पुण्यात भारत गायन समाज सुरू केला, तोही गाणं शिकायला शहरात एक जागा असावी म्हणूनच.

आणि पलुस्कर. विष्णु दिगंबरांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय सुरू केलं आणि पुढे ते मुंबईत आणलं. संगीत घराघरांत पोचवायचं तर इमारत हवी, वसतिगृह हवं, वाद्यं दुरुस्त करणारा कारखाना हवा, पुस्तकं छापायला छापखाना हवा, हे त्यांनी ओळखलं होतं. सँडहर्स्ट रोडवर त्यांनी कर्ज काढून इमारत उभी केली. त्या कर्जापायीच ती पुढे हातची गेली. संस्थेच्या नावावर एक पक्की वास्तू असावी म्हणून एका गायकानं स्वतःला एवढ्या अडचणीत घातलं. शंभर वर्षांनी, शासनाचं अनुदान आणि एकरांनी जमीन हाताशी असलेली विद्यापीठं ‘खोली उपलब्ध नाही’ असं उत्तर देतात तेव्हा मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

आता खोली कशी हवी, याकडे येतो. इथे आपल्या संगीताचा एक गुणधर्म लक्षात घ्यावा लागेल, जो वास्तुविशारदाला सांगितल्याशिवाय कळत नाही. पाश्चात्त्य पद्धतीत सगळी वाद्यं एका ठरलेल्या स्वराला मिळवलेली असतात. आपल्याकडे ज्याचा त्याचा षड्ज वेगळा. एका खोलीत काळी एकमध्ये, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीला ‘सा’ धरून, गाणारा मुलगा बसला आहे, शेजारच्या खोलीत पांढरी दोनमध्ये गाणारा. दोघांच्या षड्जात अर्ध्या स्वराचं अंतर आहे. पहिल्याचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, दुसऱ्याचा सुमारे १४७. मधली भिंत पातळ असेल तर दोन तानपुऱ्यांचे नाद एकमेकांत मिसळतात आणि सेकंदाला आठेक हेलकावे ऐकू येतात. पहिला मुलगा भूप राग गात असेल, तर त्याच्या कानावर शेजारून अखंड कोमल रिषभ पडत राहतो. दुसऱ्यानंही भूपच घेतला असेल, तर त्याला अखंड शुद्ध निषाद ऐकू येतो. भूपात हे दोन्ही स्वर नाहीत. अशा जागी सूर पक्का होणं अवघड, आणि झाला तर तो त्या मुलाच्या चिकाटीमुळे, खोलीमुळे नव्हे. त्यामुळे आवाज अडवणाऱ्या भिंती ही परदेशी संगीतशाळांची चैन आहे, ही समजूत चुकीची आहे. तिथे जेवढी गरज आहे, तिच्याहून जास्त आपल्याला आहे.

आवाज अडवायचा तर भिंत जड हवी आणि फट कुठेही नको. नऊ इंची विटांची भिंत बांधून दाराखाली बोटभर फट ठेवली, तर भिंतीवरचा खर्च वाया गेला. दार भरीव हवं, त्याच्या कडांना रबरी पट्टी हवी, जमलं तर एकापाठोपाठ दोन दारं हवीत. बऱ्याच ठिकाणी भिंतींवर स्पंजचे चौकोन किंवा अंड्यांचे ट्रे चिकटवून खोली ध्वनिरोधक झाली असं समजतात. स्पंजानं खोलीतला घुमारा कमी होतो, बाहेर जाणारा आवाज थांबत नाही. या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि निविदेत त्या वेगळ्या लिहिल्या गेल्या पाहिजेत. घुमारा कमी करायला महागडं सामानही लागत नाही. समोरासमोरच्या भिंतींपैकी एक किंचित तिरपी घ्यावी, खाली जाजम असावं, एका भिंतीवर आपली साधी जाड गोधडी टांगावी. टाळी वाजवून पाहावी. फडफड ऐकू आली नाही की गाण्यापुरती खोली तयार झाली.

पंख्याबद्दल कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम बोलतो. बंद खोलीत हवा खेळती हवी, पण डोक्यावर खडखडणारा पंखा असला तर तानपुऱ्याचा अर्धा नाद त्याखाली बुडतो. जवारी (घोडीवर तार टेकते तिथली घासणी) चांगली असलेला तानपुरा नीट लागला की खर्जाच्या तारेतून स्वयंभू गंधार, म्हणजे आपोआप उमटणारा ‘ग’, ऐकू येतो. तो ऐकायला शिकणं हा स्वरज्ञानाचा पाया आहे. जिथे तो ऐकूच येत नाही, तिथे तो शिकवायचा कसा?

हे सगळं कळण्यासाठी विद्यापीठाला बाहेरून सल्लागार आणायचीही गरज नाही. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठात एका नव्या व्याख्यानगृहात काहीच नीट ऐकू येईना, तेव्हा त्यांनी आपल्याच भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सबाइन या तरुण प्राध्यापकाला ते काम दिलं. सबाइन रात्री शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या आणून खोलीत मांडत आणि स्टॉपवॉच लावून आवाज विरायला किती वेळ लागतो ते मोजत. वास्तुध्वनिशास्त्राचा जन्म त्या गाद्यांमधून झाला. आपल्याकडे चंद्रशेखर व्यंकट रामन यांनी कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक असताना १९२० साली तबल्याच्या नादावर लिहिलं. पुडीवरच्या काळ्या शाईमुळे तबल्याचे उपस्वर सुरेल नात्यात कसे येतात, हे त्यांनी दाखवलं. तानपुऱ्याच्या घोडीचाही त्यांनी अभ्यास केला. भौतिकशास्त्र आणि संगीत हे दोन्ही विभाग एकाच कुंपणाच्या आत असलेली विद्यापीठं आपल्याकडे आहेत. तिथल्या एखाद्या एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याला रियाजाच्या खोलीची मोजणी हा प्रकल्प म्हणून द्यायला कोणाची हरकत असेल?

वाद्यांची गोष्ट मला जास्त लागते. संगीत विभागात तानपुरे असतात, पण ते कपाटावर आडवे टाकलेले, गवसणीविना, एका तारेनं कमी. ते डेड स्टॉक रजिस्टरमध्ये नोंदलेले असल्यामुळे हरवत नाहीत आणि त्याच कारणानं दुरुस्तही होत नाहीत. वाद्याला दरवर्षी कारागिराचा हात लागतो, हे त्या रजिस्टरला माहीत नाही. खुर्ची आणि तानपुरा त्याच्या लेखी सारखेच. जवारी उतरते, खुंट्या पावसाळ्यात फुगतात आणि उन्हाळ्यात सैल होतात, भोपळ्याला तडा जातो. तबल्याच्या पुड्या दमट हवेत उतरतात. वाद्य खराब झालं की निर्लेखनाचा, म्हणजे ते नोंदीतून काढून टाकण्याचा, प्रस्ताव जातो, तो मंजूर व्हायला वर्षं लागतात, आणि नवी खरेदी सर्वांत कमी दराच्या निविदेवर होते. कमी दराचा तानपुरा मिळतो, पण त्याला नाद नसतो.

वास्तविक महाराष्ट्राइतकं या बाबतीत सुदैवी राज्य दुसरं नसेल. मिरजेत पिढ्यान्‌पिढ्या तंतुवाद्यं बनतात, पंढरपूर भागातल्या शेतातला भोपळा तिथे येतो आणि तानपुरा होऊन देशभर जातो. मिरजेच्या सतार आणि तानपुऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकनही मिळालं. या कारागिरांशी प्रत्येक विद्यापीठानं वार्षिक करार करावा. वर्षातून दोनदा कारागीर येईल, चार दिवस राहील, सगळ्या वाद्यांची जवारी काढेल आणि विद्यार्थ्यांना ती काढताना पाहू देईल. तबल्याच्या पुड्या बदलणाऱ्याचंही तसंच. वाद्यं ठेवायला एक कोरडी, सावलीतली खोली हवी. तानपुरे उभे राहतील अशा घडवंच्या हव्यात. सकाळी वाद्य नेलं, संध्याकाळी परत ठेवलं, एवढी नोंद विद्यार्थीही ठेवू शकतात. यात खर्च थोडा आहे. अडचण आहे ती लेखाशीर्षाची, म्हणजे दुरुस्ती कोणत्या सदरात दाखवायची याची. कुलसचिव कार्यालयानं मनावर घेतलं तर ती एका परिपत्रकानं सुटते.

इलेक्ट्रॉनिक तानपुरा आहे ना, मोबाइलवर ॲप आहे ना, असं विचारणारे असतात. प्रवासात, बसस्टॉपवर गुणगुणायला ते ठीक. पण मोबाइलच्या नखाएवढ्या स्पीकरमधून खर्जाचा मूळ नाद जवळजवळ येतच नाही, त्याचे वरचे अंश तेवढे येतात आणि उरलेलं कान मनानं भरून काढतो. ज्याचा कान अजून तयार व्हायचा आहे, त्याला यावर वाढवणं योग्य नाही. ऐकण्याच्या खोलीची गरजही इथूनच येते. जुनी ध्वनिमुद्रणं मुलं मोबाइलवर ऐकतात. विभागात एका खोलीत बरे स्पीकर आणि नीट लावलेला संग्रह असला, शनिवारी सगळ्यांनी मिळून एक बैठक ऐकली आणि नंतर तासभर त्यावर बोललं, तर अभ्यासक्रमातले दोन पेपर त्यातच होतील. अशोक दा. रानडे यांच्यासारखा संगीतज्ञ मुंबई विद्यापीठाच्या संगीत केंद्राचा पहिला संचालक होता, प्रभा अत्रे यांच्यासारख्या गायिकेनं एसएनडीटीचा संगीत विभाग सांभाळला. विद्यापीठात संगीत म्हणजे गाण्याबरोबर विचारही, हे आपल्याकडे नवीन नाही.

सादरीकरणाच्या जागेबद्दल माझं मत अनेकांना पटणार नाही. विद्यार्थ्याला हजार आसनांच्या सभागृहाची गरज नाही. त्याला साठ-सत्तर माणसं जाजमावर बसतील अशी खोली हवी, जिथे तो माइकशिवाय गाऊ शकेल. आपलं संगीत वाढलं ते अशा बैठकीत. कोल्हापूरचा देवल क्लब ही गाण्याच्या बैठकी भरवणारी संस्था १८८३ पासून आहे, आणि जाणकारांच्या समोर, हातभर अंतरावर गाणं म्हणजे काय हे तिथे गायलेल्यांना विचारावं. समोरच्याची मान हलली की नाही हे दिसतं, चुकलेली सम लपत नाही. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात अंगणमंच आहे. संगीत, नृत्य आणि नाटक शिकणारी मुलं एका आवारात वावरतात, एकमेकांची कामं पाहतात. अशी साधी, रोज वापरता येणारी जागा मला कोणत्याही भव्य सभागृहापेक्षा मोलाची वाटते.

आणि भव्य सभागृह बांधायचंच, तर ते ऐकण्यासाठी बांधावं. मुंबईतलं टाटा थिएटर १९८० साली उघडलं तेव्हा त्याच्या ध्वनिरचनेसाठी सिरिल हॅरिस यांच्यासारखा तज्ज्ञ आराखड्यापासून सोबत होता. आपल्याकडे सहसा इमारत होते, रंग होतो, खुर्च्या लागतात आणि मग कुणीतरी म्हणतं की आवाज घुमतो. गोव्यात चार्ल्स कोरियांनी उभारलेल्या कला अकादमीच्या नूतनीकरणाचं उदाहरण ताजं आहे. काम चालू असतानाच जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचाचं छत कोसळलं. वास्तू पुन्हा सुरू झाल्यावर गोव्यातले कलावंत ध्वनी आणि प्रकाशाच्या तक्रारी घेऊन रस्त्यावर आले. ज्या वास्तूत संगीताचे वर्गही भरतात, तिची ही अवस्था. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह ऑगस्ट २०२४ मध्ये जळालं, तेव्हा सगळा महाराष्ट्र हळहळला, आणि ते बरोबरच होतं. एका नाट्यगृहासाठी जी कळकळ लोकांच्या मनात उसळते, तिच्यातली थोडी रियाजाच्या खोल्यांच्या वाट्याला यावी, एवढीच इच्छा आहे.

आता संधी समोर आहे. लता मंगेशकर ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेल्या. त्यांच्या नावानं आंतरराष्ट्रीय दर्जाचं संगीत महाविद्यालय काढायचं शासनानं ठरवलं, मुंबई विद्यापीठाच्या कलिना परिसरातली जागा त्यासाठी जाहीर झाली आणि त्याच वर्षी प्रभादेवीला पु. ल. देशपांडे कला अकादमीच्या वास्तूत वर्ग सुरू झाले. कलिन्याच्या इमारतीत किती मजले असतील, संग्रहालय असेल का, याची चर्चा होत राहील. माझा प्रश्न वेगळा आहे. प्रत्येक चार-पाच विद्यार्थ्यांमागे एक रियाजाची खोली त्या आराखड्यात आहे का? त्या खोल्यांच्या भिंती किती जाड? विमानतळ जवळ आहे, तर छताचं काय? वाद्यांची खोली पश्चिमेच्या उन्हात तर नाही ना? हे प्रश्न निविदा निघण्याआधी गवयांनी, वादकांनी, शिक्षकांनी लेखी विचारले पाहिजेत. इमारत झाल्यावर भिंत जाड करता येत नाही.

विद्यार्थीसंख्या कमी आहे, एवढ्या थोड्यांसाठी एवढा खर्च का, हा शेवटचा आक्षेप. संख्या कमी का आहे, याचं एक कारण वर येऊन गेलं आहे. शिवाय खोल्या फक्त संगीताच्या विद्यार्थ्यांसाठीच राखायला हव्यात असंही नाही. आंतरमहाविद्यालयीन युवक महोत्सवाची तयारी करणारी अभियांत्रिकीची आणि वाणिज्याची मुलं जिन्यात आणि वाहनतळावर समूहगान बसवतात. त्यांनाही दुपारच्या वेळा देता येतील.

नव्या खोल्या बांधायला वेळ लागेल, हे मान्य. पण आज ज्या वर्गखोल्या आहेत, त्या सकाळी सहा ते दहा आणि संध्याकाळी सहा ते नऊ रियाजासाठी उघड्या ठेवायला कशाची अडचण आहे? एका रखवालदाराची जादा पाळी, वेळा वाटून देणारा फलकावरचा तक्ता, मुली उशिरा परततील म्हणून वसतिगृहाच्या अधीक्षकांना विभागाचं पत्र, आणि किल्ल्यांची एक नोंदवही. विभागप्रमुखांनी अर्ज करावा आणि कुलसचिवांनी त्यावर सही करावी. हे या सत्रात होऊ शकतं.